नटण्याचं सामान : कासारणीपासून कुरिअरपर्यंत

या कार्यक्रमात आपण आजवर बचतीवर बोललो, कर्जावर बोललो, शेळ्या-कोंबड्यांवर तर दोनदा बोललो. आज बोलणार आहोत लाली, पावडर, काजळ, टिकली यांच्यावर. तुमच्यातली एखादी म्हणेल, हा काय बोलायचा विषय आहे का? गेल्या वैशाखापर्यंत आम्हालाही तसंच वाटत होतं.

झालं असं की आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलीचं लग्न होतं. तालुक्याच्या पार्लरवाल्या बाईंचा आकडा ऐकून ताई गप्पच झाल्या. मुलीने मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. नवरीच्या मेकअपचा पूर्ण संच, बारा वस्तू, डब्यांवर नावाजलेल्या कंपनीचं नाव आणि किंमत ६४९ रुपये. ताईंच्या मोबाइलमध्ये ते ॲप नव्हतं, म्हणून ऑर्डर गेली आमच्या मोबाइलवरून. हे मुद्दाम सांगतो आहोत. पुढे जे झालं त्यात आमचाही हात होता.

हळदीच्या आदल्या दिवशी मुलीने चेहऱ्याला लावून बघितलं. रात्री खाज सुटली आणि सकाळी डोळे सुजून बंद. हळद लागली ती फक्त हातापायांना. तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "डबी आणलीय का?" डबी होती. त्यांनी ती उलटीपालटी केली. कंपनीच्या नावात एक अक्षर जास्तीचं होतं. आत काय काय घातलंय ते छापलेलं नव्हतं, कुणी बनवलं तेही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "सूज उतरेल, औषध देतो. पण कशामुळे आली ते कसं सांगू? पुढे हेच कशातून तरी पुन्हा तोंडाला लागलं तर?"

पुढच्या बैठकीत आमच्या गटातल्या सगळ्यात मोठ्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या आक्कांनी विचारलं, "विकणाऱ्याला डोळ्यांनी बघितलं नाही, तर घेतलंत कसं गं?" सगळ्या हसल्या. पण प्रश्न काही जाईना. म्हणून आम्ही जरा मागे जाऊन बघायचं ठरवलं. आक्कांना विचारलं, ग्रंथालयात बसलो, कायद्याची पुस्तकं चाळली. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतो.

आक्का लहान होत्या तेव्हा नटणं म्हणजे काय? करंड्यात कुंकू, डबीत मेण. आधी कपाळाला मेणाचं बोट लावायचं, मग त्यावर पिंजर. काजळ घरचं. एरंडेलाचा नाहीतर तुपाचा दिवा लावायचा, वर तांब्याचं भांडं पालथं धरायचं, काजळी धरली की खरवडून तुपात कालवायची. डोक्याला तेल, अंगाला शिकेकाई-उटणं, ते वर्षातून ठरलेल्या दिवशी. विकत काय लागायचं? कुंकू, फणी, बांगड्या. कुंकू वाण्याकडून किंवा जत्रेतून. पंढरपूरला जाणारा माणूस कुंकू-बुक्का घेतल्याशिवाय परत येत नसे, आणि करमाळा तालुक्यातलं केम हे गाव तर आजही कुंकवासाठीच ओळखलं जातं. बांगड्या भरायला कासारीण दारात यायची. तिच्या पाटीत बांगड्यांच्या माळांबरोबर फण्या आणि करंडेही असायचे. ती ओट्यावर बसायची, चहा घ्यायची, कुणाच्या घरी काय चाललंय ते सांगायची. बांगडी पिचली तर पुढच्या खेपेला तिच्याशी भांडता यायचं. आक्का म्हणतात, "तिचं घर ठाऊक होतं, तिची सून ठाऊक होती. ती पळून कुठं जाणार?"

ऐकायला छान वाटतं. पण मैत्रिणींनो, तेव्हा सगळं चांगलं होतं असं म्हणायला आम्ही तयार नाही. माणूस ओळखीचा होता, माल ओळखीचा होताच असं नाही. चांगलं कुंकू हळदीचं. हळकुंडाला लिंबाचा रस, टाकणखार, तुरटी यांची पुटं दिली की हळद लाल होते. पण ते मेहनतीचं आणि महाग. त्यात रंग मिसळला तर वाण्यालाही कळत नव्हतं, घेणारीला तर नाहीच. मारुतीला आपण लावतो तो शेंदूर शिशापासून बनतो. हिंगूळ पाऱ्यापासून बनतो. भांगात भरायच्या सिंदुरात ही दोन्ही शतकानुशतकं वापरली गेली. कित्येक ठिकाणच्या सुरम्यात शिशाचाच खनिज दगड दळलेला असतो. शिसं पोरांच्या मेंदूवर परिणाम करतं हे आज दवाखान्यात सांगतात, तेव्हा कोण सांगणार? तेव्हा ओळखीची कासारीण आपल्याला लबाडीपासून वाचवू शकत होती. विषापासून वाचवणं तिच्या हातात नव्हतं.

आता आक्कांच्या प्रश्नाकडे येऊ. विकणाऱ्याला न बघता माल घेणं हे मोबाइलने आणलं, असं आम्ही समजत होतो. तसं नाही. इंग्रजांच्या काळात, १८७७ मध्ये, आपल्याकडच्या टपालखात्याने व्हॅल्यू पेएबल पोस्ट सुरू केलं. आपल्याकडे त्याला सगळे व्ही.पी. म्हणायचे. दुकानदार पार्सल टपालात टाकणार, पोस्टमन ते गावात आणणार, घेणाऱ्याने आधी पोस्टमनच्या हातात पैसे ठेवायचे, मग पार्सल हातात. पैसे टपालखातं दुकानदाराला पोचवणार. आजची कॅश ऑन डिलिव्हरी म्हणजे हीच की. मनिऑर्डर त्यानंतर, १८८० मध्ये आली.

या व्ही.पी.मुळे मुंबई, कलकत्त्याच्या दुकानदारांना खेड्यापाड्यांतलं गिऱ्हाईक मिळालं. वर्तमानपत्रांत आणि मासिकांत केशतेलाच्या, साबणाच्या, शक्तीच्या औषधांच्या जाहिराती यायच्या आणि खाली लिहिलेलं असायचं की माल व्ही.पी.ने पाठवू. पोस्टात पैसे भरल्याशिवाय पार्सल फोडता येत नव्हतं. फोडल्यावर आत काय निघेल ते नशिबावर. आमच्यातल्या एकीच्या आजोबांनी असं एक केस उगवायचं तेल मागवलं होतं. घरात अजून त्यावरून हसतात. तेलाने काही झालं नाही, एवढं त्यांचं नशीब.

मग बाईला भरवसा कशावर ठेवायचा? त्या काळात एक नवी गोष्ट आली ती म्हणजे बाटलीवरची चिठ्ठी आणि तिच्यावरचं नाव. मुंबईचे ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ मध्ये अफगाण स्नो नावाचं क्रीम बाजारात आणलं. अफगाणिस्तानच्या अमीर अमानुल्लांनी ते बघून बर्फाची आठवण काढली आणि तेच नाव पडलं, असं सांगतात. पांढऱ्या क्रीमची ती बरणी पुढे कित्येक घरांच्या फळीवर होती. बनवणाऱ्याला कुणी बघितलेलं नव्हतं, पण नाव सगळ्यांना ठाऊक. कासारणीच्या चेहऱ्याची जागा नावाने घेतली. आणि नाव आलं की नकलेचं नाव येतंच. खोट्या खुणांचा माल विकण्याविरुद्धचा मर्चंडाइझ मार्क्स कायदा आपल्या देशात १८८९ मध्येच करावा लागला होता. म्हणजे एक अक्षर बदलून दुसऱ्याचं नाव लावायची कला काही आजची नाही.

नाव खरं असलं तरी आतला माल चांगला असेलच असं नाही, हे कळायला एक मोठा अपघात व्हावा लागला. तो आपल्या देशातला नाही, अमेरिकेतला आहे. पण त्याची खूण आज आपल्या प्रत्येक गावात, वाण्याच्या दुकानात टांगलेली आहे. ती कुठे ते थोड्या वेळाने सांगतो.

अमेरिकेत १९०६ मध्ये अन्न आणि औषधांचा कायदा झाला. त्यात सौंदर्यप्रसाधनं नव्हती. बायकांच्या पावडरी-लालीत सरकारने काय लक्ष घालायचं, असाच तेव्हाचा विचार. १९३३ च्या सुमारास तिथे लॅश ल्युअर नावाचा रंग पार्लरमधून विकला जात होता. पापण्या आणि भुवया काळ्या करायचा. त्यात एक रसायन होतं, ज्याला आज थोडक्यात पीपीडी म्हणतात. काही बायकांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाली. काहींची नजर गेली, एकीचा जीव गेला. आणि सरकारी खातं काही करू शकत नव्हतं, कारण कायद्यात ती वस्तूच नव्हती. त्याच काळात नको असलेले केस काढायचं एक क्रीम विकलं जात होतं, त्यात थॅलियम होतं, म्हणजे उंदीर मारायला वापरायचे ते विष. तेही कायद्याच्या बाहेर.

तेव्हा त्या सरकारी खात्याच्या लोकांनी एक प्रदर्शन मांडलं. बाटल्या, डब्या, त्यांच्या जाहिराती आणि शेजारी इजा झालेल्या बायकांचे फोटो. एका बाईचा आधीचा फोटो आणि नंतरचा. वर्तमानपत्रवाल्यांनी त्याला भयाची खोली असं नाव दिलं. तिथल्या महिला मंडळांनी हा विषय हातात घेतला. सभा घेतल्या, पत्रं लिहिली, खासदारांच्या मागे लागल्या. कंपन्यांचा विरोध होताच. पाच वर्षं गेली. १९३८ मध्ये नवा कायदा झाला आणि त्यात पहिल्यांदा सौंदर्यप्रसाधनं आली. त्या कायद्याखाली अगदी सुरुवातीला जप्त झालेल्या मालात लॅश ल्युअर होतं. कायदा कागदावरून उठून बाईच्या डोळ्यापर्यंत पोचायला पाच वर्षं आणि एवढे बळी लागले, हे वाचताना आमच्या गटात कुणी बोलत नव्हतं.

आता ती खूण. केस काळे करायची पुडी घरी असेल तर बघा. तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की आधी थोडं लावून चाचणी घ्या, आणि पापण्यांना किंवा भुवयांना लावू नका, आंधळेपण येऊ शकतं. हा इशारा आपल्या देशाच्या नियमांनी सक्तीचा केलेला आहे, इंग्रजीत आणि स्थानिक भाषांतही. त्याचं मूळ तिथे, त्या बायकांच्या डोळ्यांपाशी आहे. आम्ही किती वर्षं या पुड्या फाडतो आहोत. कानामागे चाचणी घेणारी आमच्यात एकही नव्हती. भुवयांना लावणाऱ्या मात्र दोघी निघाल्या.

आपल्याकडे औषधांचा कायदा १९४० मध्ये झाला. नावच औषध कायदा, त्यात लाली-पावडर नव्हती. स्वातंत्र्यानंतर परदेशी प्रसाधनांवर फार परकीय चलन जातं म्हणून पंडित नेहरूंनी टाटांना इथेच बनवायला सांगितलं, असं सांगितलं जातं. १९५२ मध्ये मुंबईत लॅक्मे सुरू झाली. पुढे सिमोन टाटांनी ती मोठी केली. म्हणजे देशी प्रसाधनांची मोठी कंपनी आधी आली, कायदा नंतर. १९६२ च्या दुरुस्तीने त्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनं आली आणि त्याचं नाव औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा असं झालं. तेव्हापासून विकण्यासाठी प्रसाधन बनवायचं तर परवाना लागतो. रंगासाठी शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगं घालायला बंदी आली, पाऱ्यावर बंधनं आली. २०२० च्या डिसेंबरात प्रसाधनांसाठी वेगळे नियम आले, तेच आज चालतात.

या कायद्याने बाईच्या हातात काय दिलं? एक वाचायची चिठ्ठी. डबीवर बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता हवा. बॅच नंबर हवा. कधीपर्यंत वापरायचं ते हवं. आत काय आहे त्याची यादी हवी. आणि परवान्याचा नंबर हवा, त्याच्या आधी इंग्रजी एम किंवा एम आणि एल ही अक्षरं असतात. माल परदेशातून आलेला असेल, आजकाल पोरी कोरियाची क्रीमं मागवतात तसा, तर आणणाऱ्याचं इथलं नाव-पत्ता आणि नोंदणीचा नंबर हवा. ही चिठ्ठी कासारणीसारखी बोलत नाही, पण काही बिनसलं तर कुणाच्या दारात जायचं ते सांगते. ताईंच्या मुलीच्या डबीवर नेमकं तेवढंच नव्हतं.

मधली वर्षं भराभर सांगतो. मेण-कुंकू गेलं, चिकटवायची टिकली आली. तालुक्याला कटलरीची दुकानं वाढली, एक-दोन रुपयांच्या पुड्या टपरीवर लटकू लागल्या, गावात पार्लर आलं. टिकलीने सोय केली, पण काही बायकांच्या कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग पडू लागला. त्वचेच्या डॉक्टरांनी शोधलं तेव्हा गोंदातल्या एका रसायनाचा दोष निघाला. आमच्या गटात एक काकू आहेत. त्यांना कोड आलं म्हणून घरात वेगळं ताट दिलं होतं काही दिवस. टिकली बदलली, तो डाग वाढायचा थांबला. वेगळं ताट देणाऱ्यांना त्याचं काही वाटलं की नाही, कोण जाणे.

आणि गोरेपणाची क्रीमं. १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली आपल्या देशात आली, २०२० मध्ये तिच्या नावातून गोरेपण गेलं. आमच्या मनातून गेलं नाही. मुलगी बघायला येणार म्हटलं की आधी क्रीम. मोठ्या कंपन्यांच्या क्रीममध्ये पारा नसतो म्हणून काहींना ती हळू वाटते, मग आठ दिवसांत फरक दाखवणारी बिननावाची डबी येते. पारा खरंच रंग उतरवतो, आणि जाताना मूत्रपिंडाकडे जातो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका दुर्मीळ आजाराचे बावीस रुग्ण तपासले. त्यांतले पंधरा एका विशिष्ट प्रकारचे होते आणि त्या पंधरांतल्या तेरा जणांनी गोरं करणारी क्रीमं वापरल्याचं सांगितलं. अंगावर सूज आली, लघवीला फेस आला, तेव्हा ते दवाखान्यात आले होते. सर्वसाधारण प्रसाधनात चुकून आलेला पारासुद्धा दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त असता कामा नये, असा आपला नियम आहे.

आता मोबाइल. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, त्याच वर्षी यूपीआय आलं, मग टाळेबंदीत आठवडी बाजार बंद पडला आणि बोट पडद्यावर फिरायला शिकलं. आम्हाला एक गोष्ट उशिरा कळली. मोठं ॲप म्हणजे दुकान नव्हे, बाजार आहे. जसं आठवडी बाजाराची जागा ग्रामपंचायतीची, पण माल विकणारे शंभर वेगळे. ॲपचं नाव मोठं म्हणून आतला विक्रेता खरा, असं नाही. वस्तूच्या फोटोखाली विक्रेत्याचं नाव बारीक अक्षरात असतं. त्यावर बोट लावलं की त्याचा पत्ता, संपर्क दिसायला हवा. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी ते बंधनकारक केलंय. तक्रार घेणारा अधिकारी नेमायचा, त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा, हेही त्यातच आहे. त्याआधी, २०१८ पासून, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वजन आणि छापील किंमत पडद्यावर दाखवायची सक्ती झाली होती. पण कधी बनवलं तो महिना-वर्ष पडद्यावर दाखवण्यापासून तेव्हा सूट दिली होती. म्हणून शिळा माल स्वस्तात खपवायला वाट राहते. तारीख डबी हातात आल्यावरच बघावी लागते.

ताईंच्या ऑर्डरच्या वेळी आम्ही यातलं काय बघितलं? तारे बघितले. साडेचार तारे होते आणि खाली दोनशे बायकांनी छान छान लिहिलेलं होतं. तारे विकत मिळतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं. सरकारच्या मानक ब्यूरोला २०२२ मध्ये अशा अभिप्रायांसाठी वेगळं मानक काढावं लागलं, यावरून काय ते समजा. आता आम्ही कमी तारे देणाऱ्यांचं आधी वाचतो, त्यातही ज्यांनी आलेल्या डबीचा फोटो टाकलाय त्यांचं. किंमत तपासतो ती कंपनीच्या स्वतःच्या पानावर. तिथे एकट्या फाउंडेशनची किंमत सहाशे असेल, तर बारा वस्तू ६४९ ला कोण देईल? साधा हिशोब. बचत गटाचा ताळेबंद पैशापर्यंत जुळवणाऱ्या आम्ही, तो हिशोब त्या दिवशी केला नाही. मुलीचा चेहरा फुललेला होता, कोण नको म्हणणार.

व्हॉट्सॲपवर नुसता फोटो आणि पैसे पाठवायचा नंबर येतो, तिथून तोंडाला लावायचं काहीही घ्यायचं नाही, हे आमच्यात आता पक्कं झालंय. तिथे ना विक्रेत्याचा पत्ता, ना तक्रारीला जागा. पैसे देऊन मालच आला नाही असं झालं तर त्याच दिवशी १९३० ला फोन करायचा. ते सायबर फसवणुकीचं काम बघतात, आणि जितका उशीर तितका पैसा पुढे जातो.

एकटीने पडद्यासमोर बसून घेण्यापेक्षा मिळून घ्यावं, हे आम्ही मुंबईकडून शिकलो. तिथे १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. त्याच्या वर्षभर आधी पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं होतं. मुंबईत शेजारची काही कुटुंबं मिळून एक संघ करायची, महिन्याची यादी एकत्र द्यायची, माल एकत्र यायचा, तपासून वाटला जायचा. यात बायकाच पुढे. ग्राहकांचा मोठा कायदा देशात १९८६ च्या २४ डिसेंबरला झाला, पण या बायका त्याच्या दहा वर्षं आधीपासून डाळ-तांदूळ पारखून घेत होत्या. आम्ही तेच लिपस्टिकला लावलं. आता महिन्यातून एकदाच ऑर्डर जाते, सगळ्यांची मिळून, आणि पार्सल बैठकीतच उघडतो. उघडताना एकजण मोबाइलवर चित्रण करते, खोक्यावरच्या चिठ्ठीपासून शेवटच्या डबीपर्यंत, मध्ये न थांबवता. सील तुटलेलं, नाव चुकीचं, तारीख गेलेली असं काही निघालं तर ते चित्रणच पुरावा. वापरलेलं प्रसाधन बहुतेक जण परत घेत नाहीत, म्हणून आधी वाचायचं, मग उघडायचं. मग कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून दोन दिवस वाट बघायची. लग्नाची खरेदी असेल तर निदान पंधरा दिवस आधी.

या सगळ्यात आमची एक गोष्ट उघडी पडली, तीही सांगायला हवी. दर दिवाळीला आमचा गट उटणं विकतो. कागदी पिशवी, वर घरगुती असं लिहिलेलं आणि गटाचं नाव. तालुक्याच्या प्रदर्शनात एका कॉलेजच्या मुलीने पिशवी उलटून विचारलं, "यावर परवान्याचा नंबर कुठाय?" आम्ही इतकी वर्षं जे दुसऱ्यांच्या डबीवर शोधायला शिकत होतो, ते आमच्याच पिशवीवर नव्हतं. काहीजणी चिडल्या. गरीब बायकांनी चार पैसे मिळवायचे की परवाने काढत बसायचं? हे म्हणणं खोटं नाही. पण आमचं उटणं कुणाच्या नातवाच्या अंगावर उठलं असतं तर त्या बाईने कुणाचं दार ठोठावलं असतं? जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाऊन काय करावं लागेल ते विचारून आलोय. तोवर या दिवाळीला उटणं विकायचं नाही असं ठरलंय. ठराव एका मताने पास झाला, एकाच मताने. अजून त्यावर धुसफूस आहे.

ताईंच्या संचाचं काय झालं? विक्रेत्याने फोन उचलला नाही. ॲपवाल्यांनी परत घ्यायची मुदत संपली म्हणून सांगितलं. मग १९१५ या ग्राहकांच्या मदत क्रमांकावर फोन केला. मराठीत बोलता येतं, तक्रारीचा नंबर मिळतो. अठरा दिवसांनी ६४९ रुपये आमच्या खात्यात परत आले. ताईंना आम्ही सांगितलंय की जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. नव्या कायद्याने आपण राहतो तिथल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीत असो नाहीतर सुरतेत. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ताई म्हणाल्या, "लग्न झालंय, आता कशाला." त्यांना आम्ही जोर केला नाही. दवाखान्याची चिठ्ठी मात्र जपून ठेवायला सांगितली.

मुलगी नांदायला गेली. लग्नाच्या फोटोत तिने पदर जरा पुढे ओढलेला आहे. डाव्या डोळ्याखाली अजून काळपट डाग आहे, डॉक्टर म्हणतात जाईल हळूहळू. मागच्या महिन्यात माहेरी आली तेव्हा तिने आमच्याकडे ती डबी मागितली, फेकून देते म्हणाली. आम्ही दिली नाही. औषध निरीक्षकांच्या नावे अर्ज दिलाय, त्यांनी नमुना मागितला तर लागेल. गटाच्या लोखंडी कपाटात, कर्जाच्या रजिस्टरांच्या शेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली आहे. आक्का दर बैठकीला विचारतात, "आलं का गं कुणी?" अजून तरी कुणी आलेलं नाही.